पडल्यावर आधी काय बघावं

जून लागला की कोकणातला माणूस तीन गोष्टी धरूनच चालतो. वीज जाणार, बांगडा महागणार आणि आपण कुठेतरी आपटणार. पहिल्या दोन गोष्टींबद्दल तो चारचौघांत तावातावाने बोलतो, तिसरीबद्दल अवाक्षर काढत नाही. हे मौन कसं पाळावं, याचा मला दांडगा अनुभव आहे. तो फुकट वाटतोय, घ्या.

पडल्या पडल्या आजूबाजूला बघा. हाडं मागाहून. गुडघ्यातलं रक्त कुठे पळून जात नाही, पण समोरच्या पडवीतलं माणूस एकदा आत गेलं, की त्याने आपल्याला पाहिलं की नाही हे जन्मात कळत नाही. कुणी नसेल तर खुशाल कळवळा. कुणी असेल तर कळवळायचं नाही, तिथेच बसून चपलेचा पट्टा तपासायचा. चप्पल पट्ट्याची नसली तरी तपासायचा.

मग कारण शोधा, आणि ते स्वतःपासून जमेल तेवढं लांब शोधा. आपल्याकडे त्याला तोटा नाही. वर्षाकाठी ३००० मिलिमीटरच्या आगेमागे पाऊस, जांभा दगड भोकाभोकांचा, त्यामुळे तो पाणी पिऊन बसतो, वर माडांची सावली, ऊन नाही, मग शेवाळ धरणार नाही तर काय होणार? हे सगळं ठणकावून सांगावं. ‘एवढं ठाऊक होतं तर शेवाळावर पाय दिलास कशाला?’ असं विचारणारे लोक प्रत्येक वाडीत असतात, त्यांच्याशी वाद घालू नये. आणि त्याच वेळी डोक्यावर गवताचा भारा घेतलेली एखादी सत्तरीची बाई अनवाणी, पायाचे अंगठे रोवत, त्याच पायऱ्या उतरत असेल तर तिच्याकडे चुकूनही बघू नये. कारण मांडताना लय बिघडते.

स्वतःवर हसावं, असं सुचवणारेही भेटतील. त्यांना दुर्योधनाचा दाखला द्या. मयसभेत तो पाण्याला जमीन समजला आणि कपड्यांसकट आत गेला. भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत, त्या प्रसंगाच्या वर्णनात, द्रौपदी हसतसुद्धा नाही. हसतात ते भीम आणि त्याचे भाऊ. पण गडी स्वतः हसला नाही म्हणजे नाही. पुढे कुळाचं काय झालं तो भाग वेगळा, प्रतिष्ठा राखली की नाही?

शिकलेला माणूस विज्ञान पुढे करील. १९६६ साली अमेरिकेत एलियट अॅरन्सन या मानसशास्त्रज्ञाने विद्यार्थ्यांना प्रश्नमंजुषेच्या टेप ऐकवल्या. एका टेपमधला हुशार गडी ९२ टक्के उत्तरं बरोबर देतो आणि शेवटी स्वतःच्या नव्या सुटावर कॉफी सांडतो. ऐकणाऱ्यांना तो न सांडणाऱ्या हुशारापेक्षा जास्त आवडला. वा! पण पुढचं कुणी सांगत नाही. ३० टक्केवाल्याने तीच कॉफी सांडली तेव्हा तो होता त्याहून नावडता झाला. तेव्हा पडण्याआधी आपले टक्के मोजा. मी मोजले आहेत, म्हणूनच हा लेख लिहितोय.

गेल्या जूनची गोष्ट. घाटीच्या, म्हणजे आमच्या पायऱ्यांच्या वाटेच्या, वरच्या घरातून बरका फणस घेऊन खाली निघालो. पोत्यात घाल, असं वरून सांगत होते. पण फणस खांद्यावरून नेण्यात एक रुबाब असतो. सातव्या पायरीवर डावा पाय पुढे गेला, उजवा तिथेच राहिला, आणि मधल्या मी नावाच्या वस्तूने ठरवलं की आता बसूया. फणस माझ्याआधी पोचला. पिकलेला बरका म्हणजे आत नुसता लगदा. तो असा फुटला की गरे पुढच्या चार पायऱ्यांवर, आणि हाताला, कोपराला, चष्म्याच्या काडीला चीक. आता पट्टा तपासायला हात कुठला मोकळा?

शेजारच्या काकी पडवीतच होत्या. तिथून ओरडल्या, “फणस फुटलो काय रे?”

माझी चौकशी दुसऱ्या वाक्यात येईल म्हणून मी थांबलो. दुसरं वाक्य आलं, “आठळ्यो टाकू नको हां, पातेला हाडतंय.”

त्या पातेलं घेऊन आल्या आणि माझ्या भोवतीच्या आठळ्या वेचू लागल्या. दोन माझ्या खाली होत्या. “जरा उठ,” म्हणाल्या. मी जांभ्याच्या सच्छिद्रतेबद्दल बोलायला तोंड उघडलं, तर त्यांनी चिकाला खोबरेल लावायला सांगितलं आणि पदर तोंडाला लावून घरात गेल्या. आतून जे ऐकू आलं ते खोकणं होतं, असं मी आजवर मानत आलोय. दुसऱ्या दिवशी वाटीभर आठळ्यांची भाजी आली. चव उत्तम होती, पण मी तसं कबूल केलेलं नाही.

त्यानंतर माझी जी तयारी आहे ती अनुकरणीय आहे. पायऱ्यांवर ब्लिचिंग पावडर मारली, खराट्याने घासल्या, वर माडाची चुडतं अंथरली. तळाला नक्षी असलेले बूट घेतले. या पावसाळ्यात पहिल्यांदा घाटी उतरलो तेव्हा एका हातात छत्री, दुसरा कडेच्या दगडी गडग्यावर, आणि चेहऱ्यावर कुठलाही भाव नाही. सातवी पायरी आली. गेली. काकींनी पडवीत खुर्ची पुढे ओढलेली होती, मांडीवर रिकामं पातेलं.

“आज फणस नाय हाडलंस?”