मुंग्या धण्याचे चार तुकडे करत नाहीत

सोसायटीच्या ग्रुपवर, लोकलच्या ग्रुपवर, पालकांच्या ग्रुपवर एक संदेश वर्षानुवर्षं फिरतो आहे. मुंग्या म्हणे दाणा साठवण्याआधी त्याचे दोन तुकडे करतात, म्हणजे तो रुजत नाही. धण्याचे दोन तुकडे केले तरी ते रुजतात, म्हणून त्याचे मात्र चार करतात. शेवटी ‘हे पाहून शास्त्रज्ञ थक्क झाले’. कोणते शास्त्रज्ञ, कुठली मुंगी, कोणतं गाव, काहीच नाही. तरीही मुंबईतली शिकलेली माणसं हे मुलांना विज्ञान म्हणून सांगतात, म्हणून उत्तर द्यायला हवं.

आधी धणे. धण्याचा गोल दाणा हे मुळात फळ आहे आणि त्यात दोन बिया असतात. म्हणूनच गॅलरीतल्या कुंडीत कोथिंबीर लावताना आपण धणे रगडून घेतो. त्यातून सुटलेला अर्धा भाग म्हणजे एक आख्खी बी. ती रुजली तर नवल काय? संदेशातला हा एवढा भाग खरा आहे, पण त्यात मुंगीचा काही संबंध नाही.

‘दोन तुकडे केले की बी मेली’ हेही चूक. मुगाची दोन दळं वेगळी केली तर अंकुर एका दळाला चिकटून राहतो आणि तेवढा भाग ओलाव्यात रुजू शकतो. गव्हाचा अंकुर दाण्याच्या एका टोकाला असतो. तुकडे किती झाले यावर काही ठरत नाही. अंकुर शाबूत आहे का, यावर ठरतं.

मग मुंग्या खरंच काय करतात? पहिली गोष्ट, सगळ्या मुंग्या धान्य साठवत नाहीत. आपल्या ओट्यावर साखरेला लागणाऱ्या बहुतेक मुंग्यांचा हा उद्योगच नाही. साठवणाऱ्या जाती थोड्या, आणि त्यांच्यातली एक थेट पुण्यात नोंदली गेली आहे. जून १८२९ मध्ये कर्नल साइक्स या ब्रिटिश अधिकाऱ्याला तिथल्या परेड ग्राउंडजवळ गवताच्या बियांचे मूठमूठभर ढीग दिसले. पावसाच्या सुरुवातीला भिजलेला साठा शेकडो मुंग्या बिळातून वर आणून उन्हात वाळवत होत्या. ‘फिडोल प्रोव्हिडेन्स’ ही ती जात. पुढे मॉग्रिज या निसर्ग-अभ्यासकाने दक्षिण फ्रान्समधल्या मुंग्यांबद्दल १८७३ साली लिहिलं: कोठारात बी रुजू लागली की मुंग्या तिचं कोवळं मूळ कुरतडून टाकतात, त्यांना कोठारापर्यंत पोहोचूच दिलं नाही तर बिया रुजतात. म्हणजे साठवलेल्या बिया जिवंत असतात. आधीच तुकडे करून मारलेल्या असत्या, तर रुजल्या कशा असत्या?

बिया फोडल्या जातात, हे मात्र खरं. फिडोल मुंग्यांमधल्या मोठ्या डोक्याच्या कामकरी जबड्याने दाणे फोडतात, पण खाण्यासाठी. त्यात कुठलाही हिशेबी आकडा नसतो.

आणि या संदेशात मुंगीचं सर्वांत मोठं काम तर आलेलंच नाही: ती बिया पेरते. रेल्वेच्या कडेला उगवणाऱ्या एरंडाची बी हातात घेऊन पाहा. टोकाला एक पांढरट बोंड दिसेल, तेलकट. मुंग्या त्यासाठी बी ओढून नेतात, बोंड खातात आणि टणक बी तशीच टाकून देतात, बहुधा आपल्या कचऱ्याच्या ढिगावर, जिथे माती कसदार असते. जगात ११,००० हून अधिक वनस्पती असं काहीतरी आमिष देऊन मुंग्यांकडून बिया हलवून घेतात.

वडा-पिंपळाच्या कुळातल्या नांदरुक या झाडाचं तर आणखी सुंदर आहे. पक्षी फळ खाऊन विष्ठेतून बी टाकतात आणि तिथून मुंग्या ती उचलतात. इमारतीच्या भेगेत नांदरुकाचं रोप दिसलं की आपण पक्ष्यांना जबाबदार धरतो, पण बी शेवटच्या फटीत नेऊन ठेवणारी मुंगीही असू शकते.