झाडाखालची ओकची फळे कचऱ्यात टाकू नयेत

कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटोच्या आमच्या वसाहतीत सप्टेंबर संपत आला की व्हॅली ओकची फळे टपटप गळू लागतात, आणि दर आठवड्याला माळी यंत्राच्या वाऱ्याने ती गोळा करून हिरव्या कचरापेटीत भरतात. फळांवरून पाय घसरतो, ही तक्रार खरी आहे आणि पदपथ झाडून घेण्याला माझा विरोध नाही. पण झाडाखालच्या मातीतली फळेसुद्धा उचलून न्यावीत, हे मला मुळीच पटत नाही, आणि परवाच्या बैठकीत मी तसे स्पष्ट सांगितले.

येथून पूर्वेला, पाइन ग्रोव्हजवळ, येथल्या मूळ रहिवासी मिवोक लोकांचे चावसे, म्हणजे कांडण्याचा खडक, आहे. तेथील सपाट खडकात १,१८५ उखळे आहेत. पिढ्यान्पिढ्या बायकांनी हीच फळे तेथे कांडली. त्या खळग्यांत साचलेले पावसाचे पाणी पाहताना मला आमच्या गावच्या घरी माजघरात पुरलेले उखळ आठवले आणि बराच वेळ तेथून पाय निघेना.

ही फळे तशीच खाता येत नाहीत, कारण त्यांतील टॅनिनमुळे ती तुरट-कडू लागतात. बाळगुटीसाठी मायफळ उगाळून ज्यांनी कधी बोट जिभेला लावले असेल, त्यांना हा तुरटपणा ठाऊक आहे. मायफळ म्हणजेही ओकच्याच एका जातीवर कीटकामुळे येणारी गाठ. मिवोक बायका पीठ चाळून वाळूच्या खळग्यात पसरत, कडूपणा जाईपर्यंत त्यावर पाणी ओतत राहत, आणि मग घट्ट विणलेल्या टोपलीत तापलेले दगड सोडून त्याची पेज शिजवत. झाडांखाली अधूनमधून हलका वणवा लावण्याची त्यांची रीत होती आणि त्याने फळातल्या किडीलाही आळा बसे. कॅलिफोर्नियाच्या १८५० च्या कायद्याने माळरान पेटवणे दंडनीय ठरवले. ज्यांना हे रान राखता येत होते त्यांचेच हात बांधले गेले, याचा मला आजही संताप येतो.

हरणे आणि अस्वले या फळांवर हिवाळ्यापूर्वी अंगावर चरबी चढवतात. येथला एक सुतारपक्षी तर खोडाला हजारो भोके पाडून एकेका भोकात एकेक फळ ठोकून बसवतो, आणि फळ सुकून सैल झाले की ते काढून लहान भोकात हलवतो. ‘जे’ नावाचा निळा पक्षी मात्र फळे जमिनीत पुरतो आणि त्यांतली कित्येक तेथेच राहून जातात. इतके जड बी वाऱ्याने दूर जात नाही. चढावर नवा ओक उगवतो तो बहुधा या पक्ष्यामुळेच.

काल मी कुंपणाजवळची फळे बादलीभर पाण्यात टाकली. आपल्याकडे भाताचे बियाणे मिठाच्या पाण्यात टाकून पोकळ दाणे काढतात, तसेच हे. तरंगलेल्यांपैकी एक फोडले, तर आत पांढरी, गुबगुबीत अळी होती. बुडालेली अकरा फळे खोल कुंड्यांत आडवी लावली आहेत, कारण ओकचे सोटमूळ आधी सरळ खाली जाते आणि कोंब मागाहून वर येतो. वसाहतीतल्या किंवा जवळपासच्या कोणाला रोप हवे असेल, तर कृपया आताच कळवावे.