किटाटिनीवरून पक्षी ‘नुसते उडून जातात’ काय?

अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या किटाटिनी डोंगररांगेविषयी एक दावा समाजमाध्यमांवर वारंवार पुढे पाठवला जातो. त्याचा आशय असा : शिकारी पक्षी या रांगेवर राहत नाहीत, शरदात नुसते वरून उडून जातात, माथ्यावर घरे उभी राहिली म्हणून वारा थांबत नाही, पक्षिगणना हा हौशी लोकांचा विरंगुळा आहे, आणि 1934 पासून तिथे ‘हॉक माउंटन’ अभयारण्य असल्याने आणखी संरक्षणाची मागणी अनाठायी आहे.

यातले वाऱ्याबद्दलचे विधान खरे आहे. वायव्येकडून येणारा वारा उतारावर आदळून वर चढतो आणि त्याच्या आधाराने रेड-टेल्ड हॉक, सोनेरी गरुड असे पक्षी फारसे पंख न हलवता रांगेच्या कडेकडेने लांबवर जातात. चार घरांनी तो वारा मोडत नाही. परंतु हा प्रवास काही एका दिवसात संपत नाही. संध्याकाळी हे पक्षी खालच्या रानात उतरतात, आणि आपल्याकडच्या शिकरा पक्ष्यासारखा दिसणारा शार्प-शिन्ड हॉक वाटेत झाडीतल्या लहान पक्ष्यांची शिकार करतो. झाडी गेली, तर वारा असूनही मुक्काम राहत नाही. ‘राहत नाहीत’ हेही चूकच, कारण ब्रॉड-विंग्ड हॉक याच डोंगरांतल्या जंगलांत घरटी करतो.

गणनेला विरंगुळा म्हणणाऱ्यांनी डीडीटी या कीटकनाशकाचा इतिहास पाहावा. 1935 ते 1939 या काळात हॉक माउंटनवर दिसलेल्या बाल्ड ईगल गरुडांपैकी सुमारे 40 टक्के अल्पवयीन होते. 1955 ते 1959 मध्ये हे प्रमाण 20 टक्क्यांवर आले. मोठे गरुड दिसत होते, पण नवी पिढी तयार होत नव्हती, हे वर्षानुवर्षांच्या नोंदींतून कळले. लेखिका आणि जीवशास्त्रज्ञ रॅचेल कार्सन यांनी 1962 मध्ये कीटकनाशकांविरुद्धच्या मांडणीत हेच आकडे वापरले आणि 1972 मध्ये अमेरिकेने डीडीटीच्या बहुतेक वापरांवर बंदी घातली. विरंगुळाच म्हणायचा, तर बराच उपयोगी म्हणायला हवा.

राहिला अभयारण्याचा मुद्दा. 1929 मध्ये राज्याने गॉसहॉक हा शिकारी पक्षी मारणाऱ्याला पाच डॉलरचे इनाम जाहीर केले होते. डोंगरावर जमणारे बंदूकधारी मात्र पक्ष्यांची जात न पाहता सरसकट गोळ्या झाडत. पक्षिसंरक्षणासाठी झटणाऱ्या रोझली एज यांनी 1934 मध्ये सुमारे 1,400 एकर डोंगर भाड्याने घेऊन मॉरिस ब्रौन यांना रखवालदार नेमले, तेव्हा कत्तल थांबली, पण तेवढ्याच जागेपुरती. शिकारी पक्ष्यांना स्थलांतरित पक्ष्यांच्या केंद्रीय कायद्याचे छत्र मिळायला 1972 उजाडावे लागले. आज अभयारण्य सुमारे 2,500 एकरांचे आहे, तर पेनसिल्व्हेनियातील रांगेची लांबी जवळपास 300 किलोमीटर भरते. उरलेल्या भागात राज्याची राखीव शिकारवने आहेत, अ‍ॅपलॅशियन ट्रेल या लांब पल्ल्याच्या पायवाटेचा पट्टा आहे, आणि खासगी जमीनही आहे. या खासगी जमिनीवर काय बांधता येईल, हे त्या राज्यात मुख्यतः टाउनशिप म्हणजे गावपातळीवरच्या स्थानिक संस्था ठरवतात, म्हणून एकाच रांगेचे नियम हद्द ओलांडताच बदलू शकतात. संरक्षणाची मागणी आहे ती या टाउनशिपांच्या हद्दींतल्या जमिनीसाठी. अभयारण्याच्या कुंपणाआतल्या जमिनीसाठी ती कोणी करत नाही.