‘पुट ऑफ’ म्हणजे रद्द नव्हे

‘ऑफ म्हणजे बंद. म्हणून पुट ऑफ म्हणजे रद्द करणे, कॉल ऑफसारखंच.’ नाशिकमध्ये सिडकोपासून पंचवटीपर्यंत सगळ्या ग्रुपवर हा मेसेज फिरतोय. खाली आणखी दोन नियम: हे दोन शब्द कधीही तोडायचे नाहीत, आणि फ्रेजल व्हर्ब, म्हणजे ‘पुट ऑफ’सारखी क्रियापदाला छोटा शब्द जोडून झालेली क्रियापदं, ही अमेरिकेची नवी बोलभाषा, लिहिताना वापरायचीच नाही. मी एरवी सोडून दिलं असतं. पण भाचीने तो वहीत उतरवून घेतलाय. ती पिंपळगाव बसवंतला द्राक्ष निर्यातीच्या ऑफिसात नुकतीच लागली आहे आणि परदेशी खरेदीदारांचे मेल वाचणं हेच तिचं काम आहे.

समजा मेल आला: ‘वी हॅव टू पुट ऑफ द लोडिंग टिल थर्सडे.’ म्हणजे लोडिंग गुरुवारवर ढकललंय, माल हवाच आहे. ‘कॉल ऑफ’ म्हटलं असतं तर रद्द. आता हा नियम धरून तिने शेतकऱ्याला ‘रद्द झालं’ असा फोन केला तर? ऐन सीझनला, तयार माल वेलीवर असताना तो वाट कशाला बघेल? मिळेल त्या भावात लोकल व्यापाऱ्याला देऊन मोकळा होईल, आणि गुरुवारी कंटेनर येऊन उभा राहील. नुकसान कोण भरून देणार, मेसेज लिहिणारा?

‘द स्मेल पुट मी ऑफ’ म्हणजे वासाने खायची इच्छाच मेली. ‘ही कीप्स पुटिंग मी ऑफ’ म्हणजे तो मला नुसता टोलवतोय. गोंगाटाने खेळाडूचं लक्ष उडालं तरी पुट ऑफच. यात बंद काय झालं? आपल्याकडे ‘लाइट पुट ऑफ कर’ म्हणतात हे खरं, ‘बंद’चा अर्थ तिथूनच घेतला असावा. तेवढं मान्य. पण लंडनचा माणूस त्याला बहुतेक वेळा ‘टर्न ऑफ’ किंवा ‘स्विच ऑफ’ म्हणेल.

सुटे शब्द जोडून अर्थ काढायची ही युक्ती चालत नाही, हे सॅम्युअल जॉन्सनने 1755 च्या आपल्या इंग्रजी शब्दकोशाच्या प्रस्तावनेतच लिहून ठेवलंय. परक्या माणसाला सगळ्यात जड जातात ती हीच क्रियापदं, आणि त्यातल्या काहींचा अर्थ मूळ शब्दांपासून इतका लांब गेलाय की कितीही हुशार माणसाला वाट सापडणार नाही, असं त्याचं म्हणणं. आपल्या ‘उडवून लावणे’चा अर्थ तरी ‘उडवणे’ आणि ‘लावणे’ यांची बेरीज करून कुठे मिळतो?

‘तोडू नका’ तर सरळ खोटं आहे. ‘पुट द मीटिंग ऑफ’ आणि ‘पुट ऑफ द मीटिंग’ दोन्ही बरोबर. ‘इट’ आलं की मात्र तोडावंच लागतं: ‘पुट इट ऑफ’. ‘पुट ऑफ इट’ चूक.

राहिली अमेरिका. 1611 च्या इंग्रजी बायबलमध्ये देव मोशेला ‘पुट ऑफ’ म्हणूनच पायातले जोडे काढायला सांगतो. तेव्हा अमेरिका नावाचा देशच नव्हता. औपचारिक पत्रात ‘पोस्टपोन’ जास्त शोभतं, हे कबूल. पण ‘कॅरी आउट’, ‘सेट अप’ सरकारी अहवालांतही सर्रास असतात.

मेसेजमध्ये नसलेली एक गोष्ट मात्र वहीत लिहायलाच हवी. पुट ऑफनंतर क्रियापद आलं तर ‘पुट ऑफ गोइंग’. ‘पुट ऑफ टू गो’ नाही.