प्रेम करा, पण पावती दाखवा

“चाहते म्हणजे आमचे कुटुंब” हे मनोरंजन कंपन्यांचे पालुपद ऐकून कान किटले आहेत. कुटुंब म्हणे! १९६८ मध्ये ‘स्टार ट्रेक’ ही अंतराळ-विज्ञानकथांची टीव्ही मालिका बंद पडू नये म्हणून अमेरिकन प्रेक्षकांनी पत्रांचा असा पाऊस पाडला की, मालिका चालू राहणार असल्याची घोषणा एनबीसी या वाहिनीला पडद्यावरून करावी लागली (पुढे तिला शुक्रवारी रात्री १० च्या अडगळीत ढकलून १९६९ मध्ये गुंडाळले, ते वेगळेच). त्याच मायबाप प्रेक्षकांच्या जिव्हाळ्यावर नंतर चित्रपट निघाले, खेळणी खपली, मालिकेतल्या पात्रांचे गणवेश खपले. आणि त्याच प्रेमापोटी चाहत्यांनी वर्गणी काढून स्वतःचा चित्रपट करायला घेतला, तेव्हा? डिसेंबर २०१५ मध्ये ‘स्टार ट्रेक’चे हक्क असलेल्या पॅरामाउंट आणि सीबीएस या कंपन्या थेट न्यायालयात! वर्षभराच्या आत चाहत्यांच्या चित्रपटांसाठी त्यांची नियमावलीही आली: भाग १५ मिनिटांचा, असे भाग फार तर दोन, कलाकार बिनपगारी, आणि बाजारातून आणलेला गणवेश वापरलात तर तो अधिकृतच हवा. म्हणजे जीव लावायचा तो घड्याळ लावून आणि पावती जपून! १९६८ मध्ये पत्रांच्या गोण्या येत होत्या, तेव्हा कोणी पाने मोजून परत पाठवली होती काय?