खुलासा : मागचा कोपर उंच धरल्याने फटका लांब जात नाही

सॉफ्टबॉल खेळणाऱ्या मुलामुलींच्या पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक सल्ला फिरतोय: बॅटिंगला उभं राहताना मागचा कोपर (चेंडू टाकणारीपासून लांबच्या हाताचा) खांद्याच्या वर ठेवा, ताकद आपोआप वाढते. तसं होत नाही. अनेक नामवंत बॅटर कोपर उंच धरून उभे राहतात हे खरं, पण स्विंग सुरू होताच तो खाली, बरगड्यांजवळ येतो. फोटोत तेवढं दिसत नाही.

दहा-बारा वर्षांच्या मुलीने जड बॅट घेऊन कोपर ताणून धरला की खांदा आखडतो, बॅटचं टोक आधी खाली पडतं आणि वळसा घेऊन चेंडूकडे येतं. तोवर चेंडू मागे बसलेल्या कॅचरच्या ग्लोव्हमध्ये! महिलांच्या सामन्यात पिचर, म्हणजे चेंडू टाकणारी, जेमतेम 43 फुटांवर असते. बेसबॉलमध्ये हेच अंतर 60 फूट 6 इंच. वळसे घालायला वेळ आहे कुठे?

ताकद येते पायांतून. पुढचं पाऊल टेकतं, कंबर वळते, मग छाती, शेवटी हात. हात मागच्या खांद्याजवळ सैल हवेत, कोपर सहज राहील तिथे राहू द्या. टीवर (चेंडू ठेवायच्या उभ्या दांड्यावर) कमरेच्या उंचीला चेंडू ठेवून सावकाश स्विंग करायला लावा. कमरेआधी खांदे फिरत असतील तर आधी ते सुधारायचं. आणि बॅट मोठ्या भावाची असेल, तर हलकी घ्या.