झीरो बघा

परवा रात्री मी झीरो बघितला नाही. पेट्रोलपंपावर उभा होतो, जागा होतो, चष्मा नाकावर होता, तरी नाही बघितला. तीनशेचं पेट्रोल टाकलं. ते तीनशेचंच होतं का, हे त्या पंपाला ठाऊक.

कारण नेहमीचंच. आखातात पुन्हा जुंपली आणि रात्री ९ वाजता सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज पडला, 'आज १२ नंतर सगळे पंप बंद, टाक्या फुल करून घ्या.' पाठवणारे आमचे चेअरमन. त्यांची गाडी विजेवर चालते. दर बदलायचा असला तरी तो सकाळी ६ ला बदलतो, जून २०१७ पासून तशीच पद्धत आहे, हे मला माहीत होतं. माहीत असून गेलो. तिथे सगळेच माहीत असून आले होते आणि रांग पार रसवंतीपर्यंत गेली होती.

आठवडाभर हेच चाललंय. आमच्या इस्त्रीवाल्याने कपड्यामागे २ रुपये वाढवले. का, तर "साहेब, युद्ध." मी म्हटलं, अरे तुझी इस्त्री कोळशावर चालते. तो म्हणाला, "मग कोळसा काय चालत येतो?" यावर मला उत्तर सुचलं नाही आणि अजूनही सुचलेलं नाही, त्यामुळे त्या २ रुपयांपेक्षा तेच जास्त लागलंय.

तर रांग. पुढे एक जण पाण्याचा वीस लिटरचा जार घेऊन उभा होता आणि त्यात पेट्रोल मिळणार नाही हे त्याला सांगायला कुणीच तयार नव्हतं, कारण तेवढीच करमणूक. डावीकडे दोघे आधीचं सरकार की आत्ताचं सरकार यावर भांडत होते. त्यातल्या एकाचं पेट्रोल कंपनी देते, असं बोलण्यात निघालं आणि "देशासाठी एवढं सोसायला नको का" हेही त्यानेच विचारलं होतं. आणि मग माझ्या कानाजवळ आवाज आला.

"गाडी पुसत नाही वाटतं?"

पंचाहत्तरीच्या पुढचे गृहस्थ. हाफ पँट, पांढरे कॅनव्हासचे बूट, हातात कापडी पिशवी, पिशवीतून डोकावणारी कोथिंबिरीची जुडी.

"पाऊस आला की धुतली जाते," मी म्हटलं.

"बरं झालं. नकाशा छान उमटेल."

आणि माझी परवानगी वगैरे न घेता त्यांनी स्कूटरच्या पुढच्या पत्र्यावर, हेडलाइटच्या खाली, तर्जनीने आडवी रेघ ओढली. "हा वर इराण. हा खाली ओमान. नाक कसं वर आलंय बघा. आणि ही मधली होर्मुझची सामुद्रधुनी. सगळ्यात अरुंद जागी ३३ किलोमीटर. इथून सिंहगडावर जाऊन पिठलं-भाकरी खायची, तेवढंच अंतर. जगाला रोज लागणाऱ्या तेलाचा पाचवा हिस्सा या बोळातून यायचा. कतारचा गॅस त्यातूनच. तुमच्या घरच्या सिलिंडरमधलं निम्म्याहून जास्त बाहेरून येतं, तेही बरंचसं तिथूनच."

पत्र्यावर वरच्या बाजूला कबुतराची एक जुनी, वाळलेली शीट होती. ऐकता ऐकता, मला थोडी लाजही वाटली म्हणून, मी ती नखाने खरवडायला गेलो.

"हात लावू नका! ते बंदर अब्बास आहे."

मी हात मागे घेतला.

रांग दोन पावलं सरकली. मी स्कूटर ढकलली. काका इराणच्या किनाऱ्यावर बोट ठेवून बरोबर चालत आले. "आता जहाजांची वाट किती? २ मैल जायला, २ मैल यायला, मध्ये २ मैलांचा दुभाजक. आणि तिथे कुणी राँग साइडने येत नाही." हे म्हणताना त्यांनी रस्त्याकडे असं बघितलं की जणू आत्ता राँग साइडने आलेल्या दुधाच्या टेम्पोला मीच पाठवलं होतं.

काका खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झालेले, हिशेबाच्या बाजूला. त्यामुळे युद्धात कोण बरोबर, कोण चूक याच्याशी त्यांना घेणं नव्हतं. त्यांचा राग खर्चावर होता. "ड्रोन येतं काही हजार डॉलरचं. ते पाडायला सोडतात लाखो डॉलरचं क्षेपणास्त्र. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला ऐकलं असेल तुम्ही. इथे बाराशेचा मसाला आहे. आणि कोंबडी खायलासुद्धा मिळत नाही, ती हवेतच फुटते! आमच्याकडे असं व्हाउचर आलं असतं तर मी परत पाठवलं असतं."

"१९७३ साली," ते मागच्या बुलेटवाल्या पोराकडे वळून म्हणाले, "पेट्रोल महागलं म्हणून वाजपेयी बैलगाडीतून संसदेत गेले होते. आता जातंय कुणी?"

"आजोबा, बैलगाडी किती देते?" पोराने विचारलं.

"आधी कडबा काय भाव आहे तो विचार," काका म्हणाले. अजिबात न हसता.

मला तोवर एक शंका यायला लागली होती. "काका, तुमची गाडी कुठाय?"

"माझी? विकून सहा वर्षं झाली. मी पाय मोकळे करायला येतो. बागेत बोलायला गेलं की लोक उठून जातात. इथे जात नाहीत."

खरंच होतं ते. माझ्या पुढे नऊ गाड्या होत्या, मागे पंधरा. जाणार कुठे?

मग इथेनॉल निघालं. पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असतं, ते उसाचं, मक्याचं, धान्याचं, म्हणजे माझ्या स्कूटरचा पाचवा हिस्सा होर्मुझवर चालत नसून आपल्या शिवारावर चालतो, हे त्यांनी मला समजावलं. मी म्हटलं, मग युद्ध झालं की तेवढा पाचवा हिस्सा तरी जुन्या भावाने द्या. सांगलीच्या उसाला कोण अडवतंय? त्या अख्ख्या रांगेत मी बोललेलं हे एकच शहाणं वाक्य. काकांनी ते ऐकलंच नाही, ते ओमानचं नाक नीट करत होते.

आणि तेवढ्यात नंबर आला. मी सीट उघडली, तीनशे म्हणालो. पोराने नळी लावली आणि म्हणाला, "काका, झीरो बघा."

इथे माझा घात झाला. मी चव्वेचाळीस वर्षांचा आहे. शेजारी साक्षात एक काका उभे असताना हा 'काका' मला असेल हे माझ्या डोक्यातही आलं नाही. मला वाटलं, त्यांना म्हणतोय. मी आपला पत्र्याकडे बघत राहिलो, कारण काका म्हणत होते, "आणि हे बघा, इथे बाहेर पडलं की अरबी समुद्र, मग सरळ मुंबई." मी अरबी समुद्र बघितला. मान वर केली तेव्हा मीटरवर ११८ होते आणि आकडे पळत होते.

"काका," मी घाबरून विचारलं, "झीरो होता ना?"

"मला काय माहीत? गाडी तुमची."

"अहो, तो तुम्हाला म्हणाला ना, काका म्हणून!"

"मला? मला आजोबा म्हणतात."

पोरगा हसला. बुलेटवाला हसला. जारवालासुद्धा हसला, ज्याला नुकतंच पेट्रोल नाकारलं होतं.

पैसे दिले. काय करणार? तीनशेत तीन लिटर येत नाही याला तशीही बरीच वर्षं झाली. २०२१ मध्ये पुण्यात पेट्रोलने शंभरी ओलांडली तेव्हा आपण दोन दिवस विनोद केले आणि तिसऱ्या दिवशी शंभराच्या नोटेऐवजी पाचशेची काढायला लागलो. घरी जाताना मला राहून राहून आठवत होतं की झीरो एकदा खरोखर आला होता. २० एप्रिल २०२० ला अमेरिकेत कच्च्या तेलाच्या वायद्याचा भाव शून्याच्याही खाली गेला, उणे ३७ डॉलर. तेल न्या आणि वर पैसे न्या. आपण तेव्हा घरात कोंडलेले, भांडी घासत होतो आणि स्कूटर खाली धूळ खात होती. कच्चं तेल मातीमोल झालेलं असताना मे महिन्यात केंद्राने पेट्रोलवरचा कर लिटरमागे १० रुपयांनी वाढवला, डिझेलवरचा १३ ने. पंपावर एक पैसा उतरला नाही. स्वस्ताई वाटेतच उतरवून घेतली. महागाई मात्र कुणी वाटेत उतरवून घेत नाही, ती टाकीपर्यंत घरपोच येते. तेव्हा कुणी म्हणालं नाही, काका, झीरो बघा.

निघताना मागून आवाज आला होता. काका बुलेटकडे सरकले होते. "टाकी चकचकीत ठेवलीय रे! मग तुला नकाशा दाखवायचा कसा?"

पार्किंगमध्ये बायको भाजी घेऊन येताना भेटली. तिने आधी काटा बघितला. "तीनशेचं टाकलंस? एवढंच?" मग वाकून पत्रा बघितला. "आणि ही कुठली घाण? रेघोट्या कुणी मारल्यात?" ती पदराने पुसायला गेली.

"ते बंदर अब्बास आहे," मी म्हटलं.

तिने माझ्याकडे नीट बघितलं. "तू झीरो बघितलास का?"